आधी स्पीकर, मग सोफा

सोफ्याच्या दुकानदाराला तिने फोन करून सांगितलं, "सोफा एवढ्यात पाठवू नका. आधी स्पीकर कुठे बसतात ते ठरू दे."

पलीकडून दुकानदाराने अदबीने विचारलं, "बाई, स्पीकर सोफ्यावर बसणार आहेत का?"

तिचा नवा नवरा, कोच, शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याला हसू आवरेना, म्हणून तो बाल्कनीत पळाला.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. माणसांच्या नाकावर जड लोखंडी चौकट चढवायची, तिच्यात एकामागून एक भिंगं सरकवायची आणि विचारायचं, "हे बरं, की ते बरं?" यात तिची उमर गेली होती. कोच पहिल्यांदा भेटला तोही याच चौकटीखाली. तो तरणतलावावर पोहायला शिकवायचा आणि पाण्यातल्या औषधाने त्याचे डोळे कायम लाल. त्या दिवशी तिने कुठलंही भिंग घातलं तरी हा म्हणे, "दोन्ही बरी आहेत." शेवटी तिने हातातलं भिंग खाली ठेवलं. "अहो, असं केलंत तर आपण संध्याकाळपर्यंत इथेच बसू."

"मला काही घाई नाही," कोच म्हणाला.

तिथून जी गोष्ट सुरू झाली ती नोंदणी कचेरीत सह्या होईपर्यंत थांबली नाही. तिचं हे दुसरं लग्न, पहिला नवरा जाऊन बराच काळ लोटलेला. कोचचं मात्र पन्नाशी उलटल्यावर पहिलंच. त्याला सगळं जग कोचच म्हणायचं, त्याची सख्खी ताईसुद्धा. तिचं 'तपासनीस' हे बारसं त्याने केलं, आणि ते तिला मनातून आवडलं होतं, वरून ती कितीही नाक मुरडो.

लग्नाचा समारंभ करायचा नाही हे दोघांचं आधीच ठरलं होतं. त्याऐवजी काहीतरी असं घेऊ, की जे आजवर दोघांपैकी कोणाच्याच घरात नव्हतं. असं बोलत बोलत दोघं एका दुकानात शिरली. तिथल्या माणसाने त्यांना एका खोलीत बसवलं, दार लोटलं आणि एक गाणं लावलं. एक बाई गात होती, मागे बासरी आणि खर्जातलं एक मोठं तंतुवाद्य, एवढंच. पण समोरच्या कोऱ्या भिंतीपुढे ती बाई चक्क उभी होती. स्पीकर डावी-उजवीकडे, आणि बाई मधोमध, जिथे काहीच नव्हतं तिथे. तपासनीसने कोचचं मनगट गच्च धरलं. गाणं संपल्यावर ती उठली आणि स्पीकरच्या मागे जाऊन बघून आली.

"सगळे बघतात," दुकानातला माणूस म्हणाला. स्पीकर बांधून देताना त्याने बजावलं, "कोपऱ्यात ढकलू नका. आणि खोलीला वेळ द्या."

त्या दोघांनी पहिल्याच सकाळी ते कोपऱ्यात ढकलले.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरची खोली लांबट, डावीकडे भिंतभर खिडकी, उजवीकडे स्वयंपाकघराकडे जायची मोकळी वाट, बाकी सगळं उघडंबोडकं. शनिवार, दोघांनाही सुट्टी. गाणं तेच लावलं. आणि जे ऐकू आलं ते ऐकून तपासनीसचा चेहरा पडला. बाई मडक्यात तोंड घालून गात होती. खर्जातलं वाद्य शेजारच्या घरात कोणी गादी झोडपावी तसं ढबढबत होतं, आणि बासरी कुठून येत होती ते बासरीलाच ठाऊक.

"फसवलं आपल्याला," ती म्हणाली. "दुसरेच दिले."

कोच मात्र कान टवकारून खोलीच्या मधोमध उभा होता. त्याने एक खणखणीत टाळी वाजवली. टाळी भिंतींवर आपटत, टणटणत बराच वेळ फिरत राहिली. त्याचा चेहरा उजळला.

"अगं, हा तर आमचा तलाव आहे," तो म्हणाला. "फरशी, काच, नागव्या भिंती. तिथे मी 'पाय हलवा' म्हणतो, मुलांना ऐकू येतं 'आय आय आय'. स्पीकरचा काही दोष नाही. खोली बोलतेय मध्ये मध्ये."

"मग तिला गप्प कसं करायचं?"

"ते तुझं काम. तपासनीस तू आहेस."

एवढं म्हटल्यावर तिच्या अंगात जे संचारलं ते दिवसभर उतरलं नाही. तिने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून खोलीच्या मागच्या भागात ठेवली, कोचला तिच्यात बसवलं, डोळे मिटायला लावले. "एका वेळी एकच बदल," ती म्हणाली. "आणि 'दोन्ही बरे' म्हणालास तर जेवायला मिळणार नाही."

तिने स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढले. "हे बरं, की ते बरं?"

"हे. ढबढब कमी झाली."

अजून वीतभर पुढे. "आता?"

"अजून कमी. पण आवाज जरा बारीक झाला. थोडं मागे घे. घे. बस, बस."

फरशीवर चिकटपट्टीचा तुकडा बसला. मग दोन्ही स्पीकरमधलं अंतर वाढवलं, तर बाई मधोमध दुभंगली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. कमी केलं, तर बासरीवाला तिच्या मांडीवर येऊन बसला. कोचच्या खुर्चीपासून स्पीकर जेवढे लांब, जवळजवळ तेवढंच त्यांचं एकमेकांपासूनचं अंतर, असा त्रिकोण जमला तेव्हा कोचने डोळे न उघडता दोन्ही हात वर केले. मग तिने स्पीकरची तोंडं खुर्चीकडे जरा वळवली. बाईचे शब्द सुटे झाले. जास्त वळवली, तर ती कानाशी येऊन भांडायला लागली. पुन्हा थोडी सरळ केली.

उंचीवरून मात्र जुंपली. वरचा लहान भोंगा ऐकणाऱ्याच्या कानाच्या रेषेत हवा, हे दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं. पण कान कोणाचा? कोच ताडमाड, तपासनीस त्याच्या खांद्याला. तिने आपल्या कानाच्या हिशेबाने स्पीकरखाली लाकडी स्टुलं दिली, तर कोच खुर्चीत घसरून जवळजवळ आडवा झाला. त्याच्या कानाला जमवलं, तर तिला उशीवर उशी रचून बसावं लागलं. अखेर तो थोडा घसरेल आणि ती एका उशीवर बसेल असा तह झाला.

आता ऐकण्याची पाळी तिची. ती उशीवर बसली, डोळे मिटले. बाई आली. पण सरळ उभी नव्हती, डावीकडे कलली होती, जसं कोणी खांबाला टेकून उभं राहावं.

"खिडकी," कोच म्हणाला. "डावीकडे काच, ती आवाज परत फेकते. उजवीकडे वाट मोकळी, तिकडे जातो तो जातोच." आणि तो आतून आपले टॉवेल घेऊन आला. स्पर्धांमधून मिळालेले, भले थोरले, रंगीबेरंगी टॉवेल. लग्नाच्या वेळी त्याचं सगळं स्थावर-जंगम म्हणजे हेच. खिडकीच्या दांड्यावर त्याने ते एकावर एक टाकले. खोली धोब्याच्या दुकानासारखी दिसायला लागली, आणि बाई चालत चालत मधोमध येऊन उभी राहिली.

तपासनीस खुर्चीत बसल्या बसल्या उड्या मारायला लागली. "आली, कोच, आली. पडदे घेऊ. जाड घेऊ. आज राहू दे टॉवेलच."

"आता खाली," कोच म्हणाला आणि थोडा घुटमळला. "फरशीवर काहीतरी पाहिजे. बाल्कनीत ताईचा गालिचा आहे."

तो गालिचा तपासनीसनेच बाल्कनीत गुंडाळून ठेवला होता. कोचच्या ताईने आपल्या घरातला मोठ्या हौसेने दिलेला, नारिंगी रंगाचा, त्यावर दोन हरणं, आणि दोन्ही हरणांना माणसाचे डोळे. नव्या घरात जुनं शक्यतो आणायचं नाही असा नियम तिनेच घातला होता आणि त्या नियमाचा पहिला बळी ती हरणं होती.

"घाल," ती नाखुशीने म्हणाली. "पण निकाल मी देणार."

कोचने गालिचा स्पीकर आणि खुर्ची यांच्या मधोमध पसरला. तिने गाणं ऐकलं. गालिचा काढायला लावला, पुन्हा ऐकलं. पुन्हा घालायला लावला. माणसांना खोटं भिंग देणं तिला जन्मात जमलं नव्हतं, ते आज कसं जमणार?

"घातलेलं बरं," ती म्हणाली. "फार बरं. तो गालिचा राहील, आणि मी डोळे मिटून ऐकेन."

दुपार झाली. चहा आणि टोस्ट दोघांनी हरणांवर बसूनच खाल्ले, पाठ टेकायला काही नव्हतं म्हणून एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. आवाज आता चांगला झाला होता, पण दुकानातला नव्हता. बाई होती, बासरी होती, पण त्यांच्याभोवती धूसर काहीतरी होतं, चष्म्याचा नंबर पावाने चुकल्यावर अक्षरांभोवती दिसतं तसं. कोच उठून खोलीभर टाळ्या वाजवत हिंडला. खुर्चीच्या मागच्या भिंतीशी आल्यावर त्याने बोट रोखलं.

"ही. आवाज खुर्चीवरून पुढे जातो, हिच्यावर आपटतो आणि मागून येऊन आपल्याच डोक्यात टपली मारतो. इथे मऊ नको, नाहीतर सगळंच मेल्यासारखं वाटेल. वेडंवाकडं काहीतरी हवं. पुस्तकांचं कपाट असतं तर झकास. आवाज त्यात शिरला की फुटून चहूकडे जाईल." तो कोपऱ्यातल्या खोक्यांकडे वळला. "एवढी पुस्तकं तुझी, आणि कपाट कसं नाही गं एकही?"

ती कप उचलून आत गेली, विसळला, पालथा घातला, बाहेर आली.

"आहे," ती म्हणाली. "लेकीकडे आहे. तिच्या बाबांनी बनवलेलं. टपालखात्यात होता तो, पण सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करायचा. मी इकडे आणलं नाही. तुला उठता-बसता त्याच्याकडे बघावं लागलं असतं."

नियम कशासाठी होता ते कोचला आत्ता कळलं. तो तिच्याकडे बघत राहिला. ती फरशीकडे बघत होती, त्यामुळे त्याच्या तोंडावर काय होतं ते तिला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं.

"खोल किती आहे?" कोचने विचारलं.

"काय?"

"कपाट. खोल किती?"

"वीतभर. वर चार बोटं." तिने मान वर केली. "आणि उंच आहे. पार छताला लागेल एवढं. कप्पे कमीजास्त आहेत, एकासारखा एक नाही. त्याने एकेक पुस्तक मोजून त्याला बेतून कप्पा केला होता."

"कमीजास्त?" कोच एवढ्या उतावीळपणे बोलला की त्याचा आवाज फुटला. "तपासनीस, कमीजास्तच तर पाहिजे. चप्पल घाल."

भाड्याचा छोटा ट्रक मिळायला फारसा वेळ लागला नाही. वाटेत तपासनीस सारखी घड्याळ बघत होती. लेक बेकरी चालवायची, पहाटेपासून भट्टीपुढे उभी, या वेळी नुकतीच घरी आलेली असणार. लग्नाला ती आली होती, नीट बोलली होती, पण कोचला काय म्हणायचं हे काही तिने अजून ठरवलं नव्हतं. त्याच्याशी बोलताना ती वाक्यं अशी फिरवायची की हाक मारायची वेळच येऊ नये.

दार लेकीने उघडलं. कोपरापर्यंत पीठ. कपाट घरातल्या बोळात होतं, वाट अडवून बसलेलं, त्याच्या कप्प्यांत छत्र्या आणि हेल्मेट ठेवलेलं.

"कपाट न्यायला आलोय," आई म्हणाली.

"विकायला?"

"नाही गं. घरी. आमच्याकडे."

लेक काही म्हणणार तेवढ्यात मागून टाळी वाजली. कोच कपाटासमोर वाकून उभा होता आणि कान कप्प्यांकडे नेऊन टाळ्या वाजवत होता, एकदा वर, एकदा खाली.

"हे काय चाललंय?" लेकीने आईला विचारलं.

"बघ, इथे टण होत नाही," कोच वळून थेट लेकीलाच सांगायला लागला. "भिंतीसमोर वाजव, मग इथे वाजव. फरक बघ. हे कप्पे नुसते कमीजास्त नाहीत, खोल-उथळही आहेत. मागची फळी त्यांनी कुठे पुढे घेतलीय, कुठे मागे. का केलं असेल असं?"

"लहान पुस्तकं आत बुडू नयेत म्हणून," लेक हळूच म्हणाली. "सगळ्यांचे कणे एका रेषेत यावेत. मी लहान असताना पट्टी धरायचे. ते आकडा सांगायचे, मी रेघ मारायचे."

"भलता डोकेबाज माणूस," कोच म्हणाला. त्यात तोंडदेखलं काही नव्हतं. पोहणाऱ्याचा हात पाण्यात कसा शिरतो ते बघून तो जसं बोलायचा, तसंच तो बोलला.

लेकीने नळाखाली हात धुतले आणि चप्पल पायात सरकवली. "मीही येते. तुम्ही लोक आपटून मोडाल."

ट्रकमध्ये पुढे आई आणि लेक, मागे कपाटाला मिठी मारून कोच. थोडं अंतर गेल्यावर लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू ते माझ्याकडे टाकलंस ना, तेव्हा मला वाटलं, बाबांना घराबाहेर काढलंस."

"मला वाटलं, तुझ्याकडे ते सुखात राहतील. आणि त्यालाही जड जाणार नाही." तिने मागे मान केली.

मागच्या काचेतून कोच दिसत होता. तो कपाटाच्या कप्प्यात बोटं घालून मापं घेत होता आणि स्वतःशीच काहीतरी बोलत होता.

"त्यांना काही जड जाताना दिसत नाहीये," लेक म्हणाली, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं. ट्रकवाल्याने वळून बघितलं.

कपाट लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने न्यायचं ठरलं, खाली कोच, वर ट्रकवाला, मध्ये दोघी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते असं काही अडकलं की ना वर ना खाली. कोच कठड्याशी चेपला गेला.

"आधी उभं करा, मग फिरवा," लेक म्हणाली. "कोच, तुमची बाजू उचला. अजून. आता माझ्याकडे."

कोचने उचलली. वळण सुटलं. पुढचा जिना त्याने असा चढला की ट्रकवाल्याला वरून पळावं लागलं.

कपाट खुर्चीच्या मागच्या भिंतीला लागलं. खोकी फुटली, आणि तिघं पुस्तकं लावायला बसली. तपासनीस सवयीने उंचीप्रमाणे लावत होती, तर कोच ओरडला, "नको, वेडीवाकडी लाव," आणि लेकीने त्याला बाजूला सारलं. "प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. ती बाबांचीच वेडीवाकडी आहे, तुमच्या वेगळ्या वेडेपणाची गरज नाही." बहुतेक पुस्तकांची जागा तिला पाठ होती. जी नवी होती, ती कोचला मिळाली, उरल्यासुरल्या फटींत कोंबायला.

मग कोचने खुर्ची लेकीपुढे केली. "तू बस. आमचे कान दमले."

लेक हाताची घडी घालून बसली, बेकरीत एखादा पाव फुगला नाही तर ती जशी बसत असेल तशी. तपासनीसने गाणं लावलं आणि खिडकीशी, टॉवेलांना टेकून उभी राहिली. तिला स्वतःला तिथून नीट ऐकू येणार नव्हतं. ती लेकीचं तोंड बघत होती. नेमकं भिंग बसल्यावर माणसाच्या कपाळावरची आठी कशी सुटते, ते तिने आयुष्यभर बघितलं होतं.

आधी हाताची घडी सुटली. मग लेक जरा पुढे झुकली आणि समोर हवेत एका जागी बघायला लागली, जिथे काहीही नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "ही इथे उभी आहे."

"कुठे?"

"इथे. श्वास घेतला आत्ता. बासरीवाला तिच्या मागे आहे, जरा उजवीकडे. आणि ते मोठं वाद्य पार मागे, भिंतीच्याही मागे. घर संपल्यावर."

तपासनीसने कोचकडे बघितलं. कोच ओठ घट्ट मिटून, मुठी आवळून उभा होता, शर्यत संपायला हातभर उरलं असताना काठावर उभा राहतो तसा.

गाणं संपायच्या आतच लेक उठली. डाव्या स्पीकरपाशी जाऊन तिने गुडघे टेकले आणि त्याला अंगठ्याने आतल्या बाजूला ढकललं. किती, तर भाताच्या दाण्याएवढं. कोणाला विचारलं नाही, चिकटपट्टीकडे बघितलंसुद्धा नाही. परत येऊन बसली, ऐकलं, आणि मान हलवली.

"आता ऐका."

कोच आणि तपासनीस दोघं एकदमच खुर्चीकडे धावली. लेक उठेना. "माझं अजून झालं नाही," ती म्हणाली. कोचने वडीलकीचा हक्क सांगितला, तपासनीसने धंद्याचा, लेकीने कपाटाचा. थोडी ढकलाढकली झाली. मग कोचनेच शोध लावला की जागा एक नाही, रेघ आहे. स्पीकरांच्या बरोबर मधून मागे जाणारी रेघ, आणि तिच्यावर कोणीही कुठेही बसलं तरी बाई मधोमधच दिसणार.

पुढे पुस्तकांचं रिकामं खोकं, त्यावर लेक. तिच्या मागे खुर्चीत, उशीवर, तपासनीस. तिच्या मागे, वरच्या कप्प्यांसाठी आणलेल्या शिडीच्या पायरीवर, कपाटाला पाठ लावून कोच. बसमध्ये एकाच रांगेत जागा मिळावी तशी तिघं एकामागे एक बसली. बाहेर ऊन कलत होतं आणि टॉवेलांच्या फटीतून हरणांवर पडत होतं. ट्रकवाला अजून दारात उभा होता, जाऊ की नको करत.

"मीही बसू का जरा?" त्याने विचारलं.

कोच शिडीवर एक पायरी वर सरकला, आणि लेकीने मागे न बघता सांगितलं, "आई, पुन्हा पहिल्यापासून लाव."